औषधाला दाद न देणारी गाठ
स्वादुपिंडाचा कर्करोग, केमोथेरपीला होणारा प्रतिरोध आणि त्यावर मात करण्याचे प्रयत्न

३० जानेवारी २०१९ रोजी गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर राज्याचा अर्थसंकल्प मांडण्यासाठी विधानसभेत आले, तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती आणि देह विलक्षण कृश झाला होता. मुंबई, अमेरिका आणि दिल्ली अशा तिन्ही ठिकाणी त्यांच्यावर उपचार झाले होते. त्यानंतर दीड-पावणेदोन महिन्यांनी, १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजाराचे नाव होते स्वादुपिंडाचा कर्करोग.

उत्तम डॉक्टर आणि उत्तम औषधे लाभूनही हा आजार हाताबाहेर का जातो, असा प्रश्न अशा वेळी प्रत्येकाच्या मनात उभा राहतो. स्तनाचा, रक्ताचा किंवा वृषणाचा कर्करोग झालेले अनेक रुग्ण केमोथेरपीने बरे होतात. मग त्याच जातीची औषधे स्वादुपिंडाच्या गाठीपुढे निष्प्रभ का ठरतात? या प्रश्नाला शास्त्रज्ञ ‘केमोथेरपीचा प्रतिरोध’ म्हणतात. गेल्या तीन दशकांत या प्रतिरोधाची कारणे बरीच उलगडली आहेत. काही उपाय फसले, काही थोडे यशस्वी झाले आणि काहींनी खरी आशा निर्माण केली आहे. ज्या घरात हा आजार येतो, त्या घराला निर्णय घेण्यासाठी फार थोडा वेळ मिळतो. म्हणूनच ही माहिती आधीपासून असलेली बरी.

लपलेला अवयव, उशिरा कळणारा आजार

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. अन्नातील स्निग्धांश, प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ पचवणारे रस तयार करणे आणि रक्तातील साखर नियंत्रित करणारे इन्शुलिन बनवणे ही त्याची दोन मुख्य कामे. इतक्या खोल जागी असल्यामुळे तेथे वाढणारी गाठ हाताला लागत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही.

लक्षणे दिसतात तीही फसवी असतात. भूक मंदावणे, विनाकारण वजन घटणे, पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी कळ, वेदना नसलेली कावीळ, फिकट व तेलकट शौच, खाज ही त्यांपैकी प्रमुख. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह सुरू होणे, किंवा चांगला आटोक्यात असलेला मधुमेह कारण नसताना बिघडणे, हीही एक खूण असू शकते. व्यापारी कुटुंबांत मधुमेह घरोघरी आढळतो, म्हणून येथे तारतम्य हवे. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या शंभर जणांपैकी पुढील तीन वर्षांत हा कर्करोग जेमतेम एखाद्यालाच होतो. मात्र नवा मधुमेह आणि घटणारे वजन या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर पोटाची तपासणी लांबणीवर टाकू नये.

जगात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू झाले. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यातच या आजाराची भीषणता दिसते. निदान होते त्या वेळी पाचांपैकी जेमतेम एका रुग्णाची गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असते. उरलेल्यांचा सारा भार औषधांवर पडतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘ॲपल’चे संस्थापक स्टीव्ह जॉब्स स्वादुपिंडाच्या कर्करोगानंतर आठ वर्षे जगले, असे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांना झालेली गाठ संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची होती. ती जात वेगळी, तुलनेने संथ वाढणारी आणि विरळा आढळणारी. प्रस्तुत लेखाचा विषय आहे पाचकरसाच्या नलिकांतून उगवणारा कर्करोग. दहांपैकी नऊ रुग्णांमध्ये हाच प्रकार असतो. निदानाच्या कागदावर यांपैकी कोणता प्रकार लिहिला आहे, हे कुटुंबाने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

औषधांची मंद वाटचाल

१९५७ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स हायडलबर्गर यांनी ‘फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल’ हे औषध तयार केले. पुढची चार दशके स्वादुपिंडाच्या कर्करोगावर जवळजवळ त्याचीच सत्ता होती. १९९७ मध्ये १२६ रुग्णांवरील एका चाचणीने ‘जेमसायटाबिन’ या औषधाला मान मिळवून दिला. ज्या काळापर्यंत निम्मे रुग्ण जिवंत राहिले तो काळ जुन्या औषधाने ४.४१ महिने होता, तर नव्याने ५.६५ महिने. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण २ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले. वेदनाही कमी झाल्या. लाभ जेमतेम पाच आठवड्यांचा वाटतो. तरीही तेव्हा तो मोठा टप्पा मानला गेला.

२०११ मध्ये फ्रान्समधील ३४२ रुग्णांच्या चाचणीत चार औषधांचा संयोग वापरला गेला. ‘फॉलफिरिनॉक्स’ या नावाने तो आज ओळखला जातो. त्याने जीवितकाल ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेला. २०१३ मध्ये ८६१ रुग्णांच्या चाचणीत जेमसायटाबिनला अल्ब्युमिन प्रथिनाशी बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलची जोड दिली गेली आणि ६.७ महिन्यांचे ८.५ महिने झाले. २०१८ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये त्याच चार औषधांच्या किंचित सौम्य मात्रेने ५४.४ महिन्यांचा जीवितकाल दिला. एकट्या जेमसायटाबिनने तो ३५ महिने होता.

अमेरिकेत १९७० च्या दशकात निदानानंतर पाच वर्षे जगणारे रुग्ण शंभरात सुमारे तीन होते. अलीकडच्या अहवालांत हा आकडा तेरावर आला आहे. प्रगती आहे, पण औषधे बदलूनही गाठ काही महिन्यांत पुन्हा वाढू लागते, हा अनुभव बदललेला नाही. त्यामागे एक कारण नाही. एकामागे एक अशा अनेक अडचणी आहेत.

पहिली अडचण : गाठीभोवतीची तटबंदी

या कर्करोगाच्या गाठीत कर्कपेशी अल्पसंख्य असतात. अनेकदा गाठीचा ८० ते ९० टक्के भाग तंतुमय, चिवट ऊतींचा असतो. स्वादुपिंडातील तारकाकृती पेशी कर्करोगाच्या चिथावणीने जाग्या होतात आणि अखंड तंतू विणत राहतात. त्यात हायलुरोनन नावाचा पाणी धरून ठेवणारा पदार्थ साचतो. परिणामी गाठीतील दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरते. मात्र जेथे पोहोचायला हवे तेथे फारच थोडे पोहोचते. वखारीत माल भरपूर आहे, पण दुकानाची गल्लीच बंद आहे, अशी ही अवस्था.

मग ही तटबंदीच पाडावी, हा विचार साहजिक होता. २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगात तंतुमय ऊती विरळ करणारे एक औषध जेमसायटाबिनबरोबर दिले असता गाठीत औषध अधिक शिरले आणि उंदीर अधिक काळ जगले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु माणसांवरील चाचणी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण नवे औषध मिळालेल्या रुग्णांची स्थिती अधिक वाईट होत होती. दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, दोन स्वतंत्र संशोधनांनी त्याचा उलगडा केला. तटबंदी औषधाला अडवते हे खरे. पण ती कर्करोगालाही काही प्रमाणात कोंडून ठेवते. ती सरसकट पाडली, तर गाठ अधिक आक्रमक होते.

हायलुरोनन विरघळवणाऱ्या विकराचीही हीच गत झाली. आरंभीच्या आशादायक निष्कर्षांनंतर ४९४ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि २०१९ मध्ये निकाल लागला : नव्या औषधासह ११.२ महिने, त्याविना ११.५ महिने. लाभ काहीही नाही.

या अपयशांतून दिशा बदलली. तटबंदी पाडण्याऐवजी तिला सौम्य करावे, असा विचार पुढे आला. हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. राकेश जैन यांचे नाव येथे आवर्जून घ्यावे लागेल. आयआयटी कानपूरमध्ये रसायन अभियांत्रिकी शिकलेल्या या शास्त्रज्ञाने गाठीकडे अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले : दाब किती, प्रवाह किती, वाहिन्या कोठे चेपल्या आहेत. रक्तदाबासाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे लोसार्टन हे स्वस्त औषध गाठीतील ताण कमी करून चेपलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते, असे त्यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये उंदरांत दाखवले. पुढे त्याच रुग्णालयात, शस्त्रक्रिया अशक्य वाटणाऱ्या ४९ रुग्णांना चार औषधांची केमोथेरपी, लोसार्टन आणि नंतर किरणोपचार देण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४९ पैकी ३४ जणांची गाठ कडा स्वच्छ राहतील अशा रीतीने काढता आली. या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून यशाचे श्रेय लोसार्टनला किती आणि केमोथेरपीला किती, हे तेवढ्यावरून ठरत नाही. त्यामुळे कोणीही स्वतःहून रक्तदाबाची गोळी सुरू करू नये.

दुसरी अडचण : पेशीच्या दारातील आणि दारापलीकडची

औषध गाठीत पोहोचले तरी काम संपत नाही. जेमसायटाबिनची रचना पेशीला डीएनए बांधण्यासाठी लागणाऱ्या एका घटकासारखी असते. पेशी फसून ते डीएनएच्या साखळीत गुंफते आणि साखळीची वाढ खुंटते. पण त्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात. पेशीच्या आवरणातील वाहक प्रथिनाने औषध आत घेतले पाहिजे. आतल्या विकराने त्याला कार्यक्षम रूप दिले पाहिजे. आणि त्याला निकामी करणाऱ्या दुसऱ्या विकराने त्याआधी गाठता कामा नये. कर्कपेशी यांपैकी कोणत्याही टप्प्यावर औषधाचा डाव उधळू शकते : दारे कमी करते, कार्यक्षम करणारे विकर घटवते किंवा निकामी करणारे वाढवते.

दाराची अडचण टाळण्यासाठी जेमसायटाबिनला मेदाम्लाची जोड देऊन वाहकाविना आत शिरणारे औषध बनवले गेले. कल्पना चोख होती. पण ज्या रुग्णांत वाहक प्रथिन कमी होते, त्यांच्यातही ते साध्या जेमसायटाबिनपेक्षा सरस ठरले नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. एक कुलूप उघडले तरी इतर कुलपे शिल्लक होती.

२०१७ मध्ये इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ११३ नमुन्यांपैकी ८६ नमुन्यांत जिवाणू आढळले. त्यांतील काही जातींजवळ जेमसायटाबिनला निकामी करणारे विकर असते. म्हणजे औषध कर्कपेशीपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत जिवाणू त्याचा फडशा पाडू शकतात. २०१९ मध्ये आणखी एक वाटेकरी सापडला. गाठीत वस्तीला आलेल्या भक्षकपेशी एक असा पदार्थ स्रवतात, की जो औषधाशी स्पर्धा करतो आणि त्याचा परिणाम बोथट करतो. ज्या पेशींनी शरीराचे रक्षण करायचे, त्याच गाठीच्या आश्रयदात्या बनतात.

यावरून प्रतिजैविके घेतली तर केमोथेरपी अधिक चालेल, असा सोपा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. प्रतिजैविके आतड्यातील हितकर जिवाणूंनाही मारतात, आणि केमोथेरपीत अशक्त झालेल्या शरीराला ते परवडत नाही.

तिसरी अडचण : उपाशी राहूनही तगणारी पेशी

या कर्करोगाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत ‘केरास’ नावाच्या जनुकात बिघाड असतो. निरोगी पेशीत हे जनुक दिव्याच्या बटणासारखे काम करते : वाढीचा संदेश आला की चालू, काम झाले की बंद. बिघाड झाल्यावर बटण चालूच अडकते आणि पेशीला विभाजनाचा आदेश सतत मिळत राहतो. हे जनुक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होते. पण त्याच्या प्रथिनाचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत, की औषधाच्या रेणूला धरायला जागाच सापडेना. तीस वर्षे त्याला ‘औषधापलीकडचे’ असेच म्हटले जाई.

केरासमुळे पेशी केवळ वाढत नाही, तर टंचाईत जगायलाही शिकते. रक्तपुरवठा तोकडा असलेल्या गाठीत ती आसपासची प्रथिने गिळते. शिवाय स्वतःचेच जीर्ण भाग मोडून त्यांतून ऊर्जा मिळवते. या दुसऱ्या प्रक्रियेला ‘ऑटोफेजी’ म्हणजे स्वभक्षण म्हणतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांना यीस्टमध्ये तिची यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ मध्येच अमेरिकेतील संशोधनाने दाखवले होते की स्वादुपिंडाच्या कर्कपेशी जगण्यासाठी याच प्रक्रियेवर विशेष अवलंबून असतात. औषधाचा मारा झाला की त्या स्वभक्षण वाढवून तग धरतात.

ही प्रक्रिया रोखण्यासाठी हिवतापावरील जुने औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन केमोथेरपीबरोबर देऊन पाहिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२ रुग्णांच्या चाचणीत गाठी आक्रसण्याचे प्रमाण वाढले, परंतु वर्षभर जगणाऱ्यांची संख्या वाढली नाही. एक वाट बंद केली की पेशी दुसरी शोधते. पुरवठ्याचे अनेक मार्ग राखून असलेल्या सावध व्यापाऱ्याप्रमाणे ती एकाच आधारावर विसंबत नाही. म्हणून तिच्यावरचा उपायही एकाच औषधाचा असू शकत नाही.

आशेची ठिकाणे

पहिली आशा आज, याच घडीला, उपलब्ध आहे. वेगवेगळ्या मार्गांनी मारा करणारी औषधे एकत्र दिली तर एका औषधाला चुकवणारी पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते. चार औषधांच्या संयोगामागे हेच तत्त्व आहे. अनेक ठिकाणी ही औषधे आता शस्त्रक्रियेच्या आधी दिली जातात. गाठ आक्रसते, शरीरात इतरत्र विखुरलेल्या सूक्ष्म पेशींवर लवकर मारा होतो आणि औषधाला गाठ दाद देते की नाही हेही कळते. मात्र हा संयोग शरीरावर कठोर असतो. वृद्ध किंवा फार अशक्त रुग्णाला तो झेपेलच असे नाही. काहींच्या शरीरात यांतील औषधे पचवणारी विकरे जन्मतःच कमी असतात. त्यांना जीवघेणा त्रास होऊ शकतो. त्यासाठी रक्ताची जनुकीय चाचणी उपलब्ध आहे आणि ती उपचारापूर्वी विचारून घेणे शहाणपणाचे.

दुसरी आशा वारशातील जनुकांशी निगडित आहे. शंभरातील साधारण पाच-सात रुग्णांमध्ये ‘बीआरसीए’ जनुकांतील बिघाड आईवडिलांकडून आलेला असतो. स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेली हीच ती जनुके. अशा पेशी तुटलेला डीएनए नीट सांधू शकत नाहीत, म्हणून प्लॅटिनमयुक्त औषधांपुढे त्या अधिक हतबल ठरतात. २०१९ मध्ये ओलापरिब या गोळीने अशा रुग्णांत आजार थोपवून धरण्याचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर नेला. एकूण आयुष्य मात्र त्या चाचणीत वाढले नाही. ही चाचणी करण्यामागे आणखी एक हेतू आहे. दोष वारशाने आलेला निघाला, तर भाऊ, बहिणी, मुले यांनाही आपली तपासणी करून घेता येते. सोयरिकीची चिंता करून ही माहिती दडवणे म्हणजे पुढच्या पिढीचे संरक्षण नाकारणे होय.

तिसरी आशा केरासवरील थेट औषधांची. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेला केरासच्या एका बिघडलेल्या रूपात औषधाला शिरता येईल अशी खाच सापडली आणि २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी पहिले औषध मंजूर झाले. स्वादुपिंडात ते विशिष्ट रूप शंभरात एक-दोघांतच आढळते. पण त्यातून वाट मोकळी झाली. आता केरासच्या अनेक रूपांना एकाच वेळी रोखणारी औषधे आली आहेत. त्यांपैकी डॅराक्सोनरासिब या गोळीची केमोथेरपीशी थेट तुलना करणारी मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. या औषधांनाही पेशी कालांतराने प्रतिरोध करतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणूनच त्यांची इतर औषधांशी सांगड घालण्याचे काम सुरू आहे.

चौथी आशा लशीची. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात विनोद बालचंद्रन यांच्या गटाने शस्त्रक्रिया झालेल्या १६ रुग्णांना त्यांच्याच गाठीतील बिघाडांवरून बनवलेली एमआरएनए लस दिली. निम्म्यांच्या शरीराने तिला प्रतिसाद दिला. तीन वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवल्यावर प्रतिसाद दिलेल्या आठांपैकी दोघांचा आजार उलटला होता. प्रतिसाद न दिलेल्या आठांपैकी सात जणांचा. रुग्णसंख्या लहान आहे, पण औषधाला चुकवणाऱ्या पेशींना शरीराचीच सेना हुडकू शकते, एवढे त्यातून दिसले.

घरासमोरचे प्रश्न

विज्ञान प्रयोगशाळेत चालते. निर्णय मात्र घरात, जेवणाच्या पाटावर आणि औषधाच्या डबीपाशी घ्यावे लागतात. जैन कुटुंबांपुढे त्यांतील काही प्रश्न विशेष तीव्रतेने येतात.

पहिला उपवासाचा. ‘उपवासाने कर्कपेशी उपाशी मरतात, त्याला नोबेल मिळाले आहे,’ असे संदेश मोबाइलवर सर्रास फिरतात. नोबेल मिळाले ते यीस्टमधील मूलभूत संशोधनाला. कर्करोगाच्या उपचाराला नव्हे. आणि वर पाहिल्याप्रमाणे स्वभक्षण हे या कर्करोगाचे शस्त्र आहे. टंचाईत तगण्यात ही पेशी रुग्णाच्या शरीरापेक्षा सरस असते. या आजारात बहुसंख्य रुग्णांचे वजन व स्नायू झपाट्याने घटतात, आणि ज्याचे वजन घटले त्याला पुरेशी केमोथेरपी झेपत नाही. मात्रा कमी करावी लागते, पाळी लांबते, आणि गाठीला प्रतिरोध वाढवण्याची उसंत मिळते. तप हे समर्थ देहाने, समजून-उमजून करावयाचे असते. पच्चक्खाणातही आजारपणासाठी आगार ठेवलेले असतात. पर्युषणात घरातील ज्येष्ठ रुग्ण उपवासाचा आग्रह धरू लागले, तर त्यांच्या श्रद्धेचा मान राखून हा विषय साधु-साध्वींसमोर आणि डॉक्टरांसमोर मोकळेपणाने ठेवावा. स्वाध्याय, सामायिक, प्रतिक्रमण यांना तर कोणत्याच आजाराची आडकाठी नाही. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या आहारात डाळी, पनीर, ताक, सुकामेवा यांतून प्रथिने कशी वाढवता येतील, हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. रात्रीच्या औषधांचे काय करायचे, हेही आधीच विचारावे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडले की अन्न अंगी लागत नाही. त्यासाठी जेवणाबरोबर पाचक विकरांच्या कॅप्सूल देतात. प्रचलित आणि सिद्ध कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. बुरशीजन्य पर्याय मिळतात, परंतु त्यांचा गुण तितका सिद्ध झालेला नाही. या आजारात रक्ताच्या गुठळ्याही वारंवार होतात. त्यावरील हेपॅरिनची इंजेक्शने डुकराच्या आतड्यापासून मिळवतात. तेथे मात्र कृत्रिमरीत्या बनवलेले पर्याय आहेत, जे अनेक रुग्णांना चालू शकतात. अहिंसेचे व्रत जपणाऱ्या रुग्णापासून हे लपवू नये. अनेक घरांत प्रेमापोटी मौन पाळले जाते आणि पुढे कळल्यावर रुग्णाला दुहेरी वेदना होते. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : हे औषध कशापासून बनले आहे, पर्याय काय, आणि पर्याय घेतल्यास नुकसान किती? मग निर्णय रुग्णाचा. तो कोणताही असो, घराने त्याचा आदर करावा.

तिसरा प्रश्न वेळेचा. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे, एका शहरातून दुसऱ्या शहरात, चमत्काराच्या शोधात आठवडे निघून जातात. दुसरे मत अवश्य घ्यावे. पण जेथे शल्यचिकित्सक, औषधतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात, अशा केंद्रात. १९४१ मध्ये सुरू झालेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील देशभरची केंद्रे हा त्यासाठीचा भरवशाचा आधार आहे. नव्या औषधांच्या भारतातील चाचण्यांची नोंद २००७ पासून सरकारी नोंदवहीत होते आणि ती सर्वांना पाहता येते. चाचणीत सहभागी होणे म्हणजे ‘प्रयोगाचा उंदीर’ होणे नव्हे. आज वापरात असलेले प्रत्येक औषध कोणा अनोळखी रुग्णाने दिलेल्या संमतीमुळेच हाती आले आहे.

चौथी गोष्ट वेदनाशमनाची. वेदना, मळमळ, कावीळ, निराशा यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना शेवटी नव्हे, सुरुवातीलाच बोलवावे. कावीळ असल्यास पित्तनलिकेत छोटी नळी बसवता येते; पाठीची कळ असह्य झाली तर मज्जातंतूंच्या जाळ्यापाशी इंजेक्शन देऊन ती सौम्य करता येते. वेदना शमलेला रुग्ण जेवतो, झोपतो आणि उपचार सोसतो.

सोसण्यातून मिळालेले ज्ञान

स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभवांची संख्या मोठी आहे. परंतु २०१२ ची थांबवलेली चाचणी नसती तर तटबंदीचे दुहेरी स्वरूप कळले नसते. २०१९ च्या अपयशाविना एका औषधावर भिस्त ठेवण्यातील चूक उमगली नसती. त्या चाचण्यांतील रुग्णांना स्वतःला लाभ झाला नाही. त्यांनी दिलेल्या ज्ञानावर पुढच्या रुग्णांचे महिने, आणि आता काहींची वर्षे, उभी राहिली आहेत.

या आजाराला आज पूर्ण उत्तर नाही, हे सत्य कुटुंबाने स्वीकारावे. पण उत्तर नाही म्हणजे करण्याजोगे काही नाही, असे नव्हे. घटत्या वजनाकडे आणि नव्या मधुमेहाकडे वेळीच लक्ष देणे, धूम्रपान सोडणे, गाठीचा प्रकार व जनुकीय चाचणी विचारून घेणे, रुग्णाचे पोषण सांभाळणे, त्याच्यापासून काही न लपवणे आणि खोट्या चमत्कारांवर पैसा व वेळ न दवडणे एवढे प्रत्येक घराच्या हातात आहे. बाकीचे काम प्रयोगशाळांत चालू आहे, आणि तीन दशकांपूर्वीच्या तुलनेत ते आज कितीतरी पुढे गेले आहे.